ट्यून केलेल्या टू-स्ट्रोक स्कूटरला तापमान मीटर कशासाठी? आकडा नेमका वाचायचा कसा?

ताशी ८० किलोमीटरच्या वेगात स्कूटर एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. नेमक्या त्या वेळी पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, तर इंजिनासोबत मागचं चाकही जाम होतं. क्लच दाबून चाक मोकळं करायला चालकाच्या हाती जेमतेम क्षणभराचा वेळ असतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘इंजिन सीझ होणं’ म्हणतात. नशीब चांगलं असेल तर बोअर-पिस्टनच्या खर्चावर भागतं. नसेल तर चालक रस्त्यावर येतो.

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरची ताकद वाढवणाऱ्यांना ही भीती कायम असते. म्हणून अशा स्कूटरच्या हँडलवर स्पीडोमीटरशेजारी आणखी एक छोटा डिस्प्ले दिसतो, इंजिनच्या तापमानाचा. पण मीटर बसवला म्हणजे इंजिन वाचलं, असं होत नाही. तो नेमकं कुठलं तापमान दाखवतो, किती उशिरा दाखवतो आणि कुठल्या आकड्याला घाबरायचं, हे माहीत नसेल तर तोच मीटर खोटा दिलासा देतो.

या स्कूटर कोणत्या आणि त्या ट्यून का करतात?

इटलीत पियाजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा आणली, इनोचेंटी कंपनीने १९४७ साली लॅम्ब्रेटा. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्ही हाताने गिअर टाकायच्या. इटली, ब्रिटन आणि जर्मनीत आजही त्यांचे हजारो चाहते आहेत. जुन्या इंजिनवर मोठा सिलिंडर, मोठा कार्ब्युरेटर आणि वेगळा सायलेन्सर चढवून ती पळवण्याचा नाद तिथे अनेक दशकांपासून आहे.

महाराष्ट्राचं या घराण्याशी जवळचं नातं आहे. पियाजिओच्या परवान्याने बजाजने १९६०च्या दशकात व्हेस्पा बनवल्या. परवाना संपल्यावर १९७२ साली पुण्याची चेतक आली, तिचं इंजिन त्याच वळणाचं. लॅम्ब्रेटा आधी मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ने आणि नंतर लखनऊच्या ‘स्कूटर्स इंडिया’ने बनवल्या. कानपूरच्या एलएमएलनेही पियाजिओसोबत व्हेस्पा आणली. भारतात बनलेल्या यातल्या अनेक गाड्या पुढे युरोपात गेल्या. त्यामुळे तिकडच्या गॅरेजमध्ये इटालियन आणि भारतीय इंजिनं शेजारी शेजारी उघडलेली दिसतात. इकडेही वडिलांची चेतक नव्याने उभी करताना ‘थोडा पिकअप वाढवू’ असा मोह अनेकांना होतो.

टू-स्ट्रोक इंजिन एवढं का तापतं?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट. पिस्टनला दम खायला मिळतो तो या दोन स्फोटांच्या मधल्या सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात.

दुसरी गोष्ट ऑइलची. अशा इंजिनात वेगळं इंजिन ऑइल खेळतं नसतं. पेट्रोल भरताना पंपावर मागायचं ते टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतं. २ टक्के प्रमाण म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर. हेच मिश्रण क्रँककेसमधून वर जाताना बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देतं, शिवाय त्यांना थोडं गारही करतं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं तर वंगण आणि थंडावा दोन्ही एकदम कमी होतात.

तिसरी गोष्ट हवेची. मोटारसायकलचं इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यात उघडं असतं. स्कूटरचं इंजिन पत्र्याआड झाकलेलं. त्याला गार ठेवतो तो फ्लायव्हीलवरचा पंखा आणि पंख्याची हवा सिलिंडरच्या पात्यांवरून फिरवणारं आवरण. हा पंखा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, गाडीच्या वेगावर नाही.

यातून घाटासाठी एक साधा नियम निघतो. चौथ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळून गाडी रेटत चढवली, तर भार जास्त आणि पंखा मंद. इंजिन झपाट्याने तापतं. एक गिअर खाली आणला की फेऱ्या वाढतात, पंखा जोरात फिरतो आणि बहुतेक वेळा तापमान उतरतं.

ट्यूनिंगने काय बदलतं?

चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७ मिलिमीटर. त्यातून सुमारे १४५ सीसी मिळतात. युरोपात जुन्या १५० सीसी व्हेस्पासाठी ६३ मिलिमीटर व्यासाची किट मिळतात. स्ट्रोक तोच ठेवून इंजिन थेट १७७ सीसीचं होतं. सोबत मोठा कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन आणि फुगीर पोटाचा एक्स्पान्शन चेंबर सायलेन्सर आला, तर ताकद मूळच्या दीडपट-दुपटीपर्यंत जाऊ शकते.

पण जितकं जास्त पेट्रोल जळतं, तितकी जास्त उष्णता तयार होते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा लहान हिस्साच चाकापर्यंत पोचतो, बाकीचा सायलेन्सरमधून आणि सिलिंडरच्या पात्यांवरून बाहेर जातो. ताकद वाढली, पंखा मात्र बहुतेक वेळा तोच राहिला. कारखान्याने मूळ इंजिनात जी सूट ठेवलेली होती, ती ट्यूनिंगने खर्च होते. मूळ चेतक थोडी लीन चालली, प्लग थोडा चुकीचा असला, तरी निभावून न्यायची. ट्यून केलेलं इंजिन अशी चूक खपवून घेत नाही.

‘लीन’ हा शब्द पुढे पुन्हा पुन्हा येईल. हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलं की मिश्रण लीन, जास्त असलं की रिच. थोडं लीन मिश्रण चालवायला छान लागतं. गाडी हलकी वाटते, आवाज मोकळा होतो, धूर कमी येतो. म्हणूनच ते फसवं असतं.

सीझ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

पिस्टन अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो आणि जुन्या स्कूटरचा सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनिअम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५७ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास साधारण ०.११ मिलिमीटरने वाढतो. सिलिंडर तेवढाच तापला, तर तो वाढतो सुमारे ०.०६ मिलिमीटर. गार असताना दोघांमधली फट असते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. सगळा खेळ एवढ्या जागेत चालतो.

फट संपली की ऑइलचा थर फाटतो, धातू धातूवर घासतो, घर्षणाने आणखी तापतो आणि पिस्टन अडकतो. याचे तीन प्रकार नेहमी दिसतात.

पहिला, गार इंजिनचं सीझ. सकाळी किक मारली आणि लगेच मूठ पिळली, की पिस्टन झटकन तापून फुगतो आणि जाड सिलिंडर मागे राहतो. पिस्टनवर चार बाजूंनी ओरखडे दिसतात.

दुसरा, लीन सीझ. पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडल्याने पिस्टनची सायलेन्सरकडची, म्हणजे सर्वांत तापणारी बाजू घासली जाते.

तिसरा सर्वांत महागडा. कॉम्प्रेशन फार जास्त, इग्निशन टायमिंग फार आधी किंवा प्लग फार गरम जातीचा असेल, तर मिश्रण चुकीच्या वेळी किंवा धडाक्याने पेटतं आणि पिस्टनच्या माथ्यालाच भोक पडतं.

तापमान मोजायचं कुठे?

दोन जागा रूढ आहेत आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिली जागा सिलिंडर हेडची. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सीएचटी’ म्हणतात. स्पार्क प्लगच्या खाली वॉशरसारखी एक कडी बसवतात, तिलाच सेन्सर जोडलेला असतो. बसवायला सोपं, कुठे भोक पाडावं लागत नाही. ही कडी हेडचं तापमान दाखवते. पण हेड म्हणजे धातूचा मोठा गोळा. तो तापायला वेळ लागतो आणि गार व्हायलाही. त्यामुळे सीएचटीचा आकडा सावकाश बदलतो.

दुसरी जागा एक्झॉस्ट पाइपची, तिला ‘ईजीटी’ म्हणतात. पाइपला भोक पाडून, तिथे बैठक वेल्ड करून सळईसारखा सेन्सर आत सोडतात. सिलिंडरपासूनचं अंतर साधारण १० ते १५ सेंटिमीटर ठेवतात. हा सेन्सर जळून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान दाखवतो. मूठ हलली की काही क्षणांत आकडा हलतो.

सोप्या भाषेत सांगायचं, तर ईजीटी म्हणजे चुलीतल्या जाळाचा अंदाज आणि सीएचटी म्हणजे तव्याचा. जाळ लगेच कमी-जास्त होतो, तवा उशिरा. कार्ब्युरेटरचा जेट जुळवताना ईजीटी जास्त उपयोगी. रोजच्या वापरात, लांबच्या प्रवासात इंजिन एकूण किती सोसतंय हे पाहायला सीएचटी पुरेसा.

इथे एक शंका हमखास येते. अॅल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि ईजीटीवर ६५० दिसतात, मग पिस्टन वितळत कसा नाही? कारण गरम वायूचा स्पर्श क्षणभराचा असतो. लगेच पुढच्या क्षणी गार, ओलसर मिश्रण पिस्टनला भिडतं आणि पिस्टनची उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत उतरत राहते. पिस्टनचं स्वतःचं तापमान त्यामुळे वायूपेक्षा बरंच खाली राहतं. हा तोल बिघडला की मात्र पिस्टन वाचत नाही.

सेन्सर काम कसा करतो?

दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं, तर दुसऱ्या टोकांना बारीकसा व्होल्टेज मिळतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ थॉमस झेबेक यांनी १८२१ साली या परिणामाचा शोध लावला. त्यावर चालणाऱ्या सेन्सरला थर्मोकपल म्हणतात. स्कूटरवर बहुधा ‘के-टाइप’ थर्मोकपल असतो. त्यातली एक तार निकेल-क्रोमिअमची, दुसरी निकेल-अॅल्युमिनिअमची. एका अंशाला मिळतात सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. म्हणजे २०० अंशांच्या फरकालाही जेमतेम ८ मिलिव्होल्ट.

सिग्नल एवढा नाजूक असल्याने बसवताना चार गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, तार अपुरी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडू नये. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरक मोजतो. इंजिनजवळच्या गरम जागी तांब्याचा जोड आला की तो फरक चुकीच्या ठिकाणापासून मोजला जातो आणि आकडा कमी दिसतो. त्याच जातीची तार वापरावी लागते.

दुसरी, सेन्सरची तार प्लगच्या वायरपासून लांब ठेवावी. तिथल्या हजारो व्होल्टच्या ठिणगीमुळे डिजिटल आकडे नाचू लागतात. रेझिस्टर असलेली प्लग कॅप लावल्याने हा त्रास कमी होतो.

तिसरी, तारा उलट जोडल्या तर इंजिन तापताना आकडा खाली जातो. असं दिसलं तर बिघाड नाही, फक्त तारा बदलायच्या.

चौथी, प्लग आवळताना कडी प्लगसोबत फिरू देऊ नये. तार मुळाशी तुटते ती बहुतेक इथेच.

बसवण्याआधी मीटर तपासणंही सोपं आहे. बर्फ घातलेल्या पाण्यात सेन्सर बुडवला तर ० अंश दिसायला हवेत आणि उकळत्या पाण्यात १००. मुंबई किंवा रत्नागिरीत १००च, पण महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवरच्या गावी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, हे लक्षात ठेवायचं.

मग किती आकडा सुरक्षित?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि त्याला एका आकड्यात उत्तर नाही. हवेवर गार होणाऱ्या टू-स्ट्रोक स्कूटरसाठी, प्लगखालच्या कडीवर मोजलं तर, ढोबळ चित्र असं असतं.

• शहरात सावकाश चालवताना ११० ते १५० अंश सेल्सिअस.
• मोकळ्या रस्त्यावर भार देऊन चालवताना १५० ते १९०.
• २००च्या वर चढत राहिला तर सावध व्हायची वेळ.
• ईजीटीवर भरधाव चालवताना साधारण ५५० ते ६५०. ७००कडे सरकू लागला तर मूठ कमी करायची.

पण मित्राच्या स्कूटरवर १७० दिसतात म्हणून आपल्याही गाडीवर तेवढेच दिसायला हवेत, असं नाही. हेडचा आकार, कडीची जाडी, प्लग पंख्याच्या हवेत आहे की आडोशाला, सिलिंडर बिडाचा की अॅल्युमिनिअमचा, यावर आकडा २०-३० अंशांनी सहज बदलतो. ईजीटीमध्ये सेन्सर काही सेंटिमीटर पुढे-मागे असला तरी फरक पडतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारा अमेरिकी मीटरचा फोटो फॅरनहाइटमध्येही असू शकतो. तिथले ३९२ म्हणजे आपले २००.

म्हणून अनुभवी ट्यूनर पहिले काही दिवस मीटरकडे निर्णयासाठी पाहत नाहीत, ओळख करून घेण्यासाठी पाहतात. मिश्रण थोडं रिच ठेवून, इंजिन नीट असताना, नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाला आकडा किती असतो, हे लिहून ठेवतात. सोबत त्या दिवशीची हवा किती गरम होती, तेही. तोच त्या गाडीचा ‘नेहमीचा’ आकडा. एकदा तो कळला की मग इशारा ओळखता येतो: त्याच चढावर, त्याच वेगाला, तशाच हवेत आज २५ अंश जास्त का? हा प्रश्न कुठल्याही छापील मर्यादेपेक्षा मोलाचा असतो. चढण्याचा वेगही पाहायचा. १८०वर स्थिर असलेलं इंजिन बरं, १६०वरून थांबायचं नाव न घेता चढणारं इंजिन जास्त काळजीचं.

मीटर कधी फसवतो?

पहिली फसवणूक उशिराची. लीन मिश्रणाने पिस्टन काही सेकंदांत अडकू शकतो आणि हेडचा आकडा तेवढ्यात जेमतेम हललेला असतो. सीएचटी हा हळूहळू वाढणाऱ्या त्रासाचा साक्षीदार आहे, अचानक येणाऱ्या संकटाचा पहारेकरी नाही.

दुसरी फसवणूक उताराची. लांबवर भरधाव आल्यावर उतार लागतो आणि चालक मूठ पूर्ण सोडतो. चाकं इंजिनला जोरात फिरवत राहतात, पण कार्ब्युरेटर बंद असल्याने पेट्रोल येत नाही आणि पेट्रोलसोबतचं ऑइलही येत नाही. मीटरवर आकडा उतरताना दिसतो, पिस्टन मात्र कोरडा पडत असतो. म्हणून अशा वेळी क्लच दाबून इंजिन मोकळं करायचं किंवा मधूनमधून थोडी रेस द्यायची.

तिसरी, टायमिंगची. ठिणगी उशिरा पडली तर जळण्याचा बराच भाग सायलेन्सरकडे सरकतो. ईजीटी वाढतो आणि सीएचटी कमी होतो. ठिणगी लवकर पडली तर नेमकं उलट. म्हणजे ईजीटी खाली आला याचा अर्थ इंजिन सुखात आहे, असा लावता येत नाही. मिश्रण खूपच लीन झालं तर जाळ मंदावतो आणि ईजीटी पुन्हा उतरतो, हाही असाच सापळा.

चौथी फसवणूक गाडी बंद केल्यावरची. इंजिन बंद होताच पंखा थांबतो, आतली उष्णता हेडकडे येते आणि आकडा काही अंश वर चढतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. भरधाव आल्यावर अर्धा मिनिट संथ चालवून मग गाडी बंद केली, तर हे चढणं कमी होतं.

या सगळ्यामुळे प्लगचा रंग पाहण्याची जुनी पद्धत अजून निकामी झालेली नाही. पूर्ण मुठीवर गाडी चालवायची, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून पाहायचा. तपकिरी असेल तर ठीक, पांढुरका असेल तर लीन, काळा आणि ओलसर असेल तर रिच. मीटर आणि प्लग दोघांचं एकमत झालं की निष्कर्ष पक्का. ही चाचणी मात्र वाहत्या रस्त्यावर करायची नाही, मोकळ्या बंदिस्त जागेतच करायची.

आकडा वाढला तर कुठे शोधायचं?

चालवताना आकडा चढू लागला तर मूठ हळूहळू कमी करावी, बोटं क्लचवर ठेवावीत, बाजूला घेऊन इंजिन गार होऊ द्यावं. मग कारण शोधावं. सर्वसाधारण क्रम असा.

हवेची गळती सगळ्यात आधी. कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट किंवा क्रँकचं ऑइल सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण लीन होतं. मूठ सोडल्यावरही रेस लगेच उतरत नसेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

मग थंडाव्याची वाट. पंख्याच्या जाळीत कचरा, पात्यांमध्ये चिखल, आवरण तडकलेलं. ‘हवा लागावी’ म्हणून सिलिंडरवरचं आवरण काढून टाकणारेही भेटतात. त्याने उलटच होतं. पंख्याची हवा सिलिंडरकडे न जाता इकडेतिकडे पसरते आणि इंजिन जास्त तापतं.

मग जेट. इटालियन डेलॉर्टो कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर १०० लिहिलेलं असेल, तर भोक १.०० मिलिमीटरचं. १०५ बसवला की भोकाचं क्षेत्रफळ जवळपास १० टक्के वाढतं. आकडा नेमका कुठल्या मुठीला चढतो, हे पाहण्यासाठी मुठीवर चिकटपट्टीने पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करतात. पूर्ण मुठीला चढत असेल तर मेन जेट, कमी मुठीला चढत असेल तर कार्ब्युरेटरचे इतर भाग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करायची. रिच इंजिन प्लग काळा करतं, लीन इंजिन पिस्टन खातं.

आणि ऑइल? ‘तापतंय तर टू-टी ऑइल वाढवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. पण पेट्रोलमध्ये ऑइल वाढलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा कमी होतो. म्हणजे मिश्रण किंचित लीनच होतं. ऑइल वाढवायचं तर जेटही तपासावा लागतो.

हवामान आणि इथेनॉलचा काय संबंध?

जुन्या कार्ब्युरेटरला सेन्सर नसतो. ज्या हवेत आणि ज्या पेट्रोलवर जेट जुळवला, तेवढंच त्याला माहीत. थंड हवा घन असते. १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के जास्त घन. कार्ब्युरेटर पेट्रोल त्या प्रमाणात पुरतं वाढवत नाही. त्यामुळे मे महिन्यात नागपुरात जुळवलेली स्कूटर डिसेंबरच्या पहाटे थोडी लीन चालते. बाहेर गारठा आहे म्हणून इंजिन निर्धोक, ही समजूत उलटी पडू शकते. उंचीचंही तसंच. महाबळेश्वरच्या विरळ हवेत जुळवलेली गाडी घाट उतरून कोकणात गेली की लीन होते.

नवा मुद्दा इथेनॉलचा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० इंधनासाठी हे प्रमाण साधारण १३.५ होतं. म्हणजे जेट तोच ठेवला तर इंजिन सुमारे ८ टक्के लीन चालतं. इथेनॉल बाष्प होताना जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे थोडा थंडावाही मिळतो. पण त्या भरवशावर ट्यून केलेल्या इंजिनाचा जेट जुनाच ठेवणं धोक्याचं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि जुने रबरी सील, पाइप खराब करू शकतं. त्यातून पुन्हा गळती, पुन्हा लीन. इंधन बदललं की ‘नेहमीचा’ आकडा नव्याने लिहून काढावा लागतो.

कायदा काय सांगतो?

तापमान मीटर बसवल्याने इंजिन बदलत नाही. ट्यूनिंगचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या ठरतील असा बदल करता येत नाही. १४५ सीसीचं इंजिन १७७ सीसीचं करणं त्यातच येतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे मोठी किट चढवलेल्या स्कूटरची जागा रस्त्यावर नाही, ट्रॅकवर आहे.

थोडक्यात

मूळ अवस्थेतल्या चेतकलाही हा मीटर उपयोगी पडतो. ऑइल सील झिजायला लागलं, पंख्याची जाळी तुंबली, की कान आणि नाक सांगण्याआधी आकडा सांगतो. तो सीझ थांबवत नाही. आज इंजिन रोजच्यासारखं नाही, एवढंच तो सांगतो. ते ओळखण्यासाठी रोजचा आकडा आधी माहीत असावा लागतो. म्हणून मीटरसोबत एक छोटी वही आणि क्लचवर दोन बोटं, ही जोडी सुटू द्यायची नाही.